सुप्याच्या माळावर चार बैठका

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. एकीत तीन दिवसांचे कपडे आणि दुसरीत लॅपटॉप, कानात बसवायच्या यंत्राचं सुटं सामान, बॅटऱ्या आणि एक बारीक ब्रश. सुट्टी काढून निघालेली बाई सहसा असलं सामान नेत नाही. पण मी पुण्यात लोकांचे कान तपासून ऐकण्याची यंत्रं बसवून देते. वीस वर्षं हेच काम करते आहे, आणि या वेळी मला बोलावलं होतं ते माझ्याच एका पेशंटनं.

सिदूतात्या हे त्यांचं नाव. इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर राहणारे, सत्तरी ओलांडलेले, ताठ पाठीचे गृहस्थ. दिवाळीनंतर त्यांची सून संगीता त्यांना घेऊन माझ्याकडे आली होती. डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्यात थोडंफार शिल्लक. उजव्या कानात यंत्र बसवलं. पहिल्यांदा आवाज येतो तेव्हा माणसं दचकतात, काही जण रडतात. तात्यांनी आधी पंख्याचा आवाज ऐकला, मग सुनेच्या बांगड्यांचा, आणि मला विचारलं, “ह्यात आमचं दाजी आयकू येत्याल का?”

दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, एवढं मला कळलं. मी आणखी काही न विचारता “येतील की” म्हणून मोकळी झाले.

बाकीची हकीकत महिनाभरानं संगीतानं सांगितली. दाजी म्हणजे सुप्याच्या माळावरचे धुळाआबा. या दोघांच्या घरांत पूर्वी मेंढरं होती. आता तात्यांची मुलं कालव्याच्या पाण्यावर ऊस लावतात आणि आबांकडे थोडी ज्वारी, चार शेळ्या आणि मोजकी मेंढरं उरली आहेत. पण आबांकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे माळोबाची ओवी. माळोबा हा त्यांच्या माळावरचा देव. त्याची कथा आधी गातात, मग तीच सांगतात, मग पुन्हा गातात. अशा चार बैठका, आणि एकेक बैठक तीन-तीन तासांची. आबा पुढे गाणार आणि तात्या झील धरणार (मुख्य गाणाऱ्याच्या ओळीचं शेपूट उचलून ती पुढे नेणार). चाळीस वर्षं दोघांनी ही ओवी अशीच गायली.

सहा वर्षांपूर्वी एका जत्रेत चौथ्या बैठकीला तात्यांची झील दोनदा हुकली. लोक हसले. आबांनी भर बैठकीत त्यांना सांगितलं की झोप येत असेल तर घरी जा. तात्या उठले ते खरंच घरी गेले. आपला कान जातो आहे हे त्या वेळी त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. पुढे सगळ्यांना कळलं, पण तोवर त्या बोलण्याला बरेच दिवस होऊन गेले होते. लग्नकार्यात भेटत, जेवण झालं का विचारत, पण ओवीचा विषय कुणीच काढत नसे. आबांनीही पुन्हा चारही बैठका सलग गायल्या नाहीत.

यंत्र बसल्यावर संगीतानं तिच्या आत्याबाईंना, म्हणजे तात्यांच्या बहिणीला आणि आबांच्या पत्नीला फोन केला. त्यांचं नाव भागूआक्का. दोघींनी मिळून ठरवून टाकलं की संक्रांत झाली की तीन दिवसांत पूर्ण ओवी बसवायची, आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. मी डॉक्टर नाही हे मी दोनदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

खरं सांगायचं तर मला धास्ती वाटत होती. गाणं मी ऐकते, पण ते मध्यंतरात बटाटेवडा मिळतो अशा सभागृहात. बारा तासांची कथा, तीही मला ठाऊक नसलेल्या देवाची, ओळखीची नसलेल्या चालीत, जमिनीवर मांडी घालून ऐकायची होती. मी फोनवर शोधलं, तर असल्या ओव्यांचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळाले. ओळखीत विचारलं, तर सगळी ओवी ऐकलेलं कुणी भेटेना. शेवटी एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर “पात्रांची नावं” असं लिहून खाली रेघ मारली.

बारामतीच्या स्थानकावर चहा घेऊन मी इंदापूरकडे जाणारी दुसरी गाडी धरली. उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असले की आमची एसटी बैलगाडीच्या वेगाने चाले. त्यामुळे मला कालवा नीट पाहता आला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच केळी, आणि पाण्यावर वाकून कपडे धुणाऱ्या बायका. अंथुर्ण्याला संगीता स्कूटर घेऊन उभी होती. ती बारामतीत कपड्यांच्या कारखान्यात काम करते आणि तीन दिवसांची रजा तिनं “घरातलं कार्य” असं कारण देऊन काढली होती.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा माडगं प्यायले (हुलग्याच्या पिठाची, लसूण घातलेली गरम पेज). तात्या माझ्यासमोर बसून मी पिते आहे का ते पाहत होते. यंत्राबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले की सगळं झकास आहे, फक्त भाकरी चावल्याचा आवाज फार येतो. ओवीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. संगीतानं नंतर सांगितलं की चार दिवसांपासून ते रानात एकटेच जाऊन उभे राहतात.

सकाळी जीप ठरवली होती. कन्हेरीच्या फाट्यावर चहासाठी थांबलो, तिथे तात्यांचे जुने ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांना यंत्राची गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी तात्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा फाटा वळून पाहील अशा आवाजात विचारलं, कुठं निघालास. तात्यांनी मान मागे घेतली. “वरडू नगंस. आयकू येतंय.” मग गृहस्थ इतके हळू बोलायला लागले की ते मलाही ऐकू येईना. तात्या जीपमध्ये बसेपर्यंत हसत होते. त्या दिवशी मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

बारामती मागे पडली, तसा ऊस विरळ होत गेला आणि मग संपला. सुप्याच्या बाजूला जमीन उघडीच होते. पिवळं गवत, मधे मधे बाभूळ आणि तरवडाची झुडपं, लांबवर सपाट माळ. अभयारण्याच्या कडेनं जाताना ड्रायव्हरनं गाडी हळू केली. तीन चिंकारा गवतात उभ्या होत्या. आम्हांला पाहून त्या पळाल्या नाहीत, नुसते कान वळवले. कालव्याकाठच्या हिरव्यातून तासाभरात आपण इथे येतो आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचे पाहुणे-रावळे राहतात, याचं मला नवल वाटत राहिलं.

धुळाआबांचं घर माळाच्या कडेला. शेजारी वाडगं (काट्यांचं कुंपण घातलेली मेंढरांची जागा) आणि पलीकडे माळोबाचं देऊळ. देऊळ म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, त्यावर पत्र्याची शेड आणि समोर सारवलेलं अंगण. आबा दारातच उभे होते. उंच, काळेसावळे, पांढऱ्या भरघोस मिशा, खांद्यावर घोंगडं. मेहुण्याला पाहून ते म्हणाले, “आलास.” तात्या म्हणाले, “आलो.” सहा वर्षांनंतर ओवीसाठी भेटलेल्या दोन माणसांचं बोलणं तिथेच संपलं. भागूआक्कांनी मात्र भावाचं यंत्र अगदी जवळून, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं पाहून घेतलं.

पूर्वी ही ओवी रात्रभर चालायची. आता पाण्याच्या मोटारींना वीज रात्री येते आणि तरणी माणसं दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) रानात जातात, म्हणून बैठका दिवसाच बसतात. पहिली बैठक दुपारी सुरू झाली. तीसेक माणसं असतील. एक ढोल, दोन झांजा. आबा पुढे, त्यांच्या मागे तात्या, आणि त्यांच्या शेजारी आबांचे दोन पुतणे, तेही झीलकरी. आधी सुंबरान झालं (देवाचं आणि गावोगावच्या दैवतांचं स्मरण). त्यात इतकी गावं आणि इतके देव आले की वहीचं पहिलं पान तिथेच भरलं.

मग कथा लागली. माळावर तरवडाखाली एक बाळ सापडतं, एवढं मी धरलं. त्याला कोण उचलतं, ते निसटलं. सावळाई नावाची एक बहीण आली, पण ती सख्खी की मानलेली ते समजेपर्यंत गाणं पुढे गेलं होतं. आबा एक ओळ गात, शेवटचा स्वर लांबवत, आणि तो संपायच्या आत मागच्यांनी तो उचलायचा. मी लिहीत होते, खोडत होते, शेजारच्या बाईंना विचारत होते. अर्ध्या तासात मी पूर्ण हरवले. परक्या गावात चुकीच्या बसमध्ये बसावं आणि ते गाडी सुटल्यावर लक्षात यावं, तसं झालं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

बारीक, धारदार शिट्टी. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मला पाहावं लागलं नाही. तात्यांनी गाताना उजवा हात उजव्या कानावर नेला होता. ही माणसं गाताना असाच तळवा कानाशी धरतात, आयुष्यभर धरलेला असतो. यंत्रावर तळवा आला की आतला आवाज बाहेर, बाहेरचा पुन्हा आत, आणि यंत्र शिट्टी घालतं. तात्यांनी हात काढला. शिट्टी थांबली, पण तोवर ओळ निघून गेली होती. पुढच्या ओळीला हात पुन्हा आपोआप वर गेला. पुन्हा शिट्टी. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्रच काढून मुठीत धरलं आणि पुढची झील चुकीच्या जागी उचलली. पुतण्यांनी सावरून घेतलं. आबा गात राहिले, मागे वळले नाहीत. तात्या हळूच उठून वाडग्याकडे गेले. परत आले नाहीत.

मी त्यांच्यामागे गेले. ते मेंढरांकडे बघत उभे होते. मूठ उघडून त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. रागावलेले नव्हते, आणि ते मला जास्त लागलं. “पंखा आयकू येतोय,” ते म्हणाले, “पर दाजीचा सूर मधीच तुटतोय.”

रात्री जेवल्याबरोबर सगळे झोपले. माझा मात्र बराच वेळ डोळा लागला नाही. शिट्टीचं कारण मला ठाऊक होतं. पण सूर तुटतो म्हणजे काय, हे मी त्यांना पुण्यात कधी विचारलंच नव्हतं. बंद खोलीत टीं टीं असे आवाज देऊन मी त्यांचा कान मोजला होता. ते कुणाचं काय ऐकायला आले आहेत, हे जाणून घ्यायला मला पाच मिनिटं सापडली नव्हती, आणि “येतील की” म्हणायला एक क्षण पुरला होता.

सकाळी उठून पाहते तर माझी वही अंगणात. शेळीच्या एका करडानं पहिली बारा पानं खाल्ली होती आणि तेराव्यावर पाय देऊन ते उभं होतं. सगळी पात्रं त्याच्या पोटात गेली होती. भागूआक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी रडकुंडीला येऊन त्यांना सांगितलं की कालचं काहीच कळलं नाही, आणि आता वहीही गेली. त्यांनी आधी भाकरी उलटली.

“नावं कशापायी धरता?” त्या म्हणाल्या. “मेंढरं कुठं हायत तेवढं बघा. मेंढरं जितं, देव तितं.”

मग भाकरी भाजता भाजता त्यांनी मला चारही बैठका सांगितल्या. पहिल्या बैठकीत मेंढरं माळावर, देव लहान. दुसरीत दुष्काळ पडतो, मेंढरं कोकणात जातात, नीरेला पूर येतो आणि देव अलीकडच्या काठावरच्या सावळाईला अंतरतो. तिसरीत एक राजा झऱ्यावर दगड ठेवतो आणि मेंढरं तहानेनं बसतात. चौथीत मेंढरं परत येतात. देव इतक्या वर्षांनी आलेला असतो की बहिणीला तो ओळखू येत नाही. तो लांबून खांडाला (मेंढरांच्या कळपाला) हाक घालतो, आणि मेंढरं ओ देतात. तेव्हा बहीण ओळखते. आबा देवाची हाक घालतात, आणि मेंढरांचा ओ म्हणजे तात्यांची झील. सहा वर्षांपूर्वी हुकली ती तिथेच. हे सांगताना आक्कांनी तव्याकडेच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीला मी वहीशिवाय बसले. तात्या आले नाहीत. मी मेंढरं तेवढी धरली आणि काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण ओवी मला आत येऊ द्यायला लागली. कोकणात उतरताना ढोल आखडता झाला, चाल लहान पावलांची झाली. नीरेच्या पुराला दोन्ही झांजा एकदम. कुणीतरी मधेच नाव घेतलं की मला ते कोण हे कळत नसे, आणि मला त्याची काळजीही वाटत नसे. तीन तास संपले तेव्हा माझे पाय बधिर झाले होते आणि मी सावळाईसाठी हळहळत होते.

पण त्या तीन तासांत मी आणखी एक गोष्ट ऐकत होते. आबांच्या ओळीचा शेवट. ते शेवटचं अक्षर सरळ धरून ठेवत, चांगलं तीन-चार सेकंद, न हलवता. आणि मला उमगलं. यंत्र बनवलंय ते माणसाचं बोलणं ऐकवण्यासाठी. इतका वेळ स्थिर राहणारा आवाज त्याला बोलणं वाटत नाही, ते त्याला आपलीच शिट्टी समजतं आणि दाबून टाकतं. तात्यांना ओळ ऐकू येत होती, आणि नेमकी उचलायची जागाच यंत्र कापत होतं.

दुपारी लॅपटॉप उघडून पत्र्याच्या सावलीत बसले. सूर कापणारी सोय बंद करता येत होती. पण तीच सोय शिट्टीही आवरत होती. म्हणजे सूर पूर्ण हवा असेल तर हात कानावर नेता येणार नाही, आणि हात न्यायचा असेल तर ती सोय आणखी वाढवावी लागणार, म्हणजे सूर जास्तच तुटणार. वरच्या पट्टीचा जोर कमी करून पाहिला, ढोलासाठी वेगळी मर्यादा घालून पाहिली. काही झालं तरी दोन्ही मिळेना. तात्यांना मी हे जसं आहे तसं सांगितलं. यंत्राची चूक नाही, तुमचीही नाही, मी आधी विचारायला हवं होतं, असंही सांगितलं. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“सूर द्या,” ते म्हणाले.

संध्याकाळी तिसऱ्या बैठकीला ते बसले, पण गायले नाहीत. हात मांडीखाली दाबून नुसते ऐकत होते. राजानं झऱ्यावर दगड ठेवला, मेंढरं बसली. आबांचा सूर लांबला तशी तात्यांची मान हलायला लागली. बैठक उठल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं की आता पुरा येतोय.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौथी बैठक. आदल्या दोन दिवसांपेक्षा जास्त माणसं होती. गोष्ट पसरली असावी. तात्या आपल्या जागी बसले. पहिल्या काही ओळी पुतण्यांबरोबर त्यांनी नीट उचलल्या. संगीतानं माझा हात धरला होता. मग एक उंच ओळ आली आणि त्यांचा हात कानाकडे गेला. शिट्टी इतकी मोठी होती की ढोलवाल्यानं ढोल थांबवला. तात्यांनी हात खाली आणला, ओळ गेली, आणि सगळे त्यांच्याकडे बघू लागले. हसलं कुणी नाही. पण सहा वर्षांपूर्वीची ती बैठक आठवते आहे, हे तिथल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

आबा उठले. मला वाटलं, बैठक मोडली. त्यांनी आपलं घोंगडं उचललं, दोन पावलं मागे आले आणि तात्यांच्या उजव्या अंगाला घोंगडं अंथरून बसले. पुढे गाणारा मागे येऊन बसतो, असं तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं.

“त्यो हात कानावर नगं,” आबा म्हणाले. “माज्या खांद्यावर ठेव. दम संपला की तुला खांद्यात कळंल. तितनं तू उचल.”

तात्या हात उचलेनात. आबांनी मिशीवरून पालथा हात फिरवला.

“चारचौघांत बोललो हुतो, चारचौघांतच सांगतो. चूक माजी हुती.”

तात्यांनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. ढोलवाल्यानं विचारल्यासारखं एकदा वाजवून पाहिलं, आणि आबांनी सोडलेली ओळ पुन्हा धरली.

त्यानंतर सगळं बिनचूक झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तात्यांची झील आणखी दोनदा उशिरा आली. एकदा पुतण्यांनी उचलून घेतली, एकदा आबांनी सूर धरूनच ठेवला, तात्या येईपर्यंत. पण मेंढरं कोकणातून निघाली, घाट चढली, नीरा उतरली. देव माळाच्या टोकाशी उभा राहिला आणि बहिणीनं दार लावून घेतलं. आबांनी डोळे मिटून हाक घातली. खूप लांबून यावी तशी हाक होती ती. शेवटचं अक्षर सरळ रेषेत ताणलेलं. मी तात्यांचा हात पाहत होते. आबांचा खांदा हळूहळू खाली येत होता, आणि तो पुरता खाली यायच्या आत तात्यांनी ओ दिला.

थरथरता, खडबडीत, जाड आवाज. एकाचा नव्हे, पुष्कळांचा वाटावा असा. मी कितीतरी वर्षं आवाज मोजते, त्यांचे आलेख काढते. त्या आवाजाचा आलेख काढावा असं मला वाटलंही नाही. वाडग्यातली दोन-तीन खरीखुरी मेंढरं त्याला ओरडून उत्तर देऊन गेली आणि तेव्हा लोक हसले, अगदी मोकळं हसले, तात्यांसकट. भागूआक्कांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या शेंगोळी बघायला उठून गेल्या.

शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, तिखट रस्स्यात शिजवलेल्या) मी तीन वेळा वाढून घेतली. जेवताना दोघे मेहुणे शेजारी बसले होते आणि नीरेच्या पुराच्या एका ओळीवरून त्यांचा वाद चालला होता. आबांचं म्हणणं ती ओळ तात्यांनीच बदलली. तात्यांचं म्हणणं दाजी आता म्हातारे झाले. सहा वर्षांचं साचलेलं भांडण ते असं चवीनं खात होते.

निघताना आबा रस्त्यापर्यंत पोचवायला आले. त्यांनी विचारलं, ओवी किती कळली. मी खरं ते सांगितलं, निम्मी.

“मला बी निम्मीच कळती,” आबा म्हणाले. “पन्नास वर्सं गातोय.”

सुप्याहून पुण्याची गाडी लगेच मिळाली. खिडकीशी जागा होती. माळ मागे जात होता आणि मला कुणाकुणाचे आभार मानावेत याची जुळवाजुळव होत नव्हती. संगीताचे, तिनं मला नुसतं यंत्रवाली म्हणून सोडून दिलं नाही म्हणून. आक्कांचे, त्यांनी भाकरी करता करता मला बारा तासांच्या ओवीत शिरायला वाट करून दिली. आबांचे, कारण जे माझ्या लॅपटॉपला जमलं नाही ते त्यांनी खांदा पुढे करून जमवलं. आणि तात्यांचे सगळ्यात जास्त. मी दिलेलं वचन कच्चं होतं. त्यांनी मला ते पक्कं करायला तीन दिवस दिले, आणि एकदाही बोल लावला नाही. मला वाटत होतं की एवढं मोठं काही ऐकायचं तर आधी तयारी पाहिजे, माहिती पाहिजे. बसायला जागा करून देणारी माणसं पाहिजेत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात पहिल्या आल्या त्या एक ऐंशीच्या घरातल्या बाई, मुलाला बरोबर घेऊन. फाइल भरून झाली. मी त्यांना खोलीत नेण्याआधी विचारलं की त्यांना कुणाचं ऐकायचं आहे. मुलगा म्हणाला, घरच्यांचंच, दुसरं कोणाचं.  बाई मात्र म्हणाल्या की शेजारच्या इमारतीतली त्यांची मैत्रीण रोज संध्याकाळी गच्चीवर येऊन गप्पा मारते, आणि दोन वर्षं त्या नुसती मान हलवत आल्या आहेत.

मी मुलाला म्हटलं, त्या मैत्रिणीला घेऊन या, आम्ही थांबतो. तो तासाभरानं त्यांना रिक्षात बसवून घेऊन आला. दोघींना मी समोरासमोर बसवलं आणि यंत्र चालू केलं. मैत्रिणीला काय बोलावं ते सुचेना, तर बाईंनीच तिला सांगितलं की परवा सांगत होतीस ते पहिल्यापासून सांग. एरवी मला एका पेशंटला पाऊण तास लागतो. त्या दिवशी माझी अख्खी दुपार गेली, आणि मला कुठेच जायची घाई नव्हती.